वहिनी, इस्त्री लावतेय!

आमच्या नाशिकच्या घरात सकाळ व्हायची ती आरोळीने. "वहिनी, इस्त्री लावतेय!" ही माझ्या आईची आरोळी. तिच्या पाठोपाठ भिंतीपलीकडून, "थांबा, माझा गिझर चालू आहे!" ही शेजारच्या काकूंची. मग आई इस्त्री हातात धरून थांबायची. थोड्या वेळाने पलीकडून यायचं, "झाला हो, लावा!" आणि मगच आमच्याकडे कपड्यांवर पाणी शिंपडलं जायचं.

आता घरातली इस्त्री लावायला शेजारणीची परवानगी कशाला, असं तुम्ही म्हणाल. तर त्याचं कारण आमच्या व्हरांड्यात, भिंतीवरच्या एका लाकडी फळीवर बसलेलं होतं.

माझे वडील आणि शेजारचे काका एकाच कचेरीत कामाला. सायकली एकाच वेळी निघायच्या, एकाच टपरीवर थांबायच्या. दोघांनी मिळून एक प्लॉट घेतला आणि त्यावर जोडघर बांधलं. मधली भिंत एक, पुढचा व्हरांडा एक, फाटक एक. वीज घ्यायची वेळ आली तेव्हा कोणीतरी विचारलं, मीटर दोन ना? दोघे म्हणे दुखावले. "दोन कशाला? आम्ही काय परके आहोत?" झालं! दोन्ही घरं एकाच मीटरवर आणि एकाच बोर्डवर आली. मोठा काळा मेन स्विच, आणि खाली पांढऱ्या चिनी मातीच्या फ्यूजची ओळ, एखाद्या आजोबांच्या उरल्यासुरल्या दातांसारखी.

मैत्री कितीही घट्ट असली तरी बोर्डाला ती पेलवत नव्हती. इकडे इस्त्री आणि तिकडे गिझर एकदम लागला की व्हरांड्यातून 'फट्' असा आवाज येई आणि दोन्ही घरं अंधारात. एका रविवारी फ्यूज दोनदा उडाला. दुसऱ्यांदा तार बांधून झाल्यावर वडिलांनी व्हरांड्यात सगळ्यांना उभं केलं आणि कायदा जाहीर केला. इस्त्री, गिझर, मिक्सर, यांतलं काहीही लावायचं असेल तर आधी आरोळी द्यायची. पलीकडून 'लावा' आलं तरच लावायचं. जो न सांगता लावेल आणि फ्यूज उडवेल, त्याने वडील तार बांधत असताना टॉर्च धरून उभं राहायचं आणि त्यांचं भाषण शेवटपर्यंत ऐकायचं. भाषणाला घाबरून सगळे सरळ वागू लागले.

आरोळीचं खातं लवकरच माझ्याकडे आलं, कारण माझा आवाज मोठा आणि लाज कमी. मी नुसतं ओरडत नसे. उशीची खोळ खांद्यावर टाकून भिंतीपाशी जाऊन म्हणत असे, "सावधान होऽऽ! महाराणी इस्त्री लावत आहेत होऽऽ!" पलीकडून काकूंचा आवाज यायचा, "महाराणींना म्हणावं, प्रजेची चटणी वाटायचीय. कळ काढा!" काकू शाळेत शिकवायच्या. वर्गात त्या कडक होत्या म्हणे, पण आमच्या भिंतीपाशी आल्या की त्याही माझ्या वयाच्या होत. माहेर नांदगावकडचं, त्यामुळे रागावल्या की शुद्ध मराठी बाजूला ठेवून म्हणायच्या, "लय झालं हां आता!" आई त्यांना वहिनी म्हणायची, त्या आईला वहिनी म्हणायच्या. कोण कोणाची नणंद, हा प्रश्न कोणी विचारला नाही.

पुढे मी लग्न होऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला गेले. काकूंचा मुलगा बंगळुरूला गेला. काका गेले, काही वर्षांनी माझे वडीलही गेले. भिंतीच्या एका बाजूला आई उरली, दुसऱ्या बाजूला काकू. इस्त्री करायला घरात शर्ट उरला नव्हता. तरी आई रोज इस्त्री करायची. साड्या झाल्या की उशांचे अभ्रे, ते झाले की हातरुमाल. एकदा तर मी तिला भांडी पुसायच्या फडक्याला इस्त्री करताना पकडलं. "घडी नीट बसते," ती म्हणाली.

गेल्या वर्षी आषाढात तिचा फोन आला. "व्हरांड्यात कसलातरी वास येतोय. रबर जळल्यासारखा."

मी धावत गेले. बोर्डावर हात ठेवला तर फळी तव्यासारखी तापलेली. वायरमनला बोलावलं. हा गृहस्थ सटाण्याकडचा, डोक्यावर गॉगल, कानात फोनची बोंडं आणि स्वतःच्या आवाजावर अपार प्रेम. त्याने झाकण उघडलं आणि माझ्याकडे न बघता, स्वतःच्या अहिराणीत, त्या बोर्डालाच विचारलं, "हाई काय शे, भो?" मग मराठीत आला. "ताई, हे म्युझियमला द्या. दोन घरांचा लोड एवढ्याशा वायरीवर? आज मी स्क्रू आवळून देतो, पण ह्याच्या भरवशावर झोपू नका. दोन मीटर घ्या, दोन पेट्या बसवा. मग एसी लावा, ओव्हन लावा, काय पाहिजे ते लावा. कोणाला विचारायची गरज नाही."

शेवटचं वाक्य तो मोठ्या ऐटीत बोलला. आई त्या वाक्याला उठून आत गेली. मला तेव्हा त्यात काही वाटलं नाही.

काकूंच्या मुलाला फोन केला. तो तर तयारच होता. त्याने काकूंसाठी कधीच एसी पाठवून ठेवला होता. बोर्डाला झेपणार नाही म्हणून तो खोक्यातच होता, आणि काकूंनी खोक्यावर टेबलक्लॉथ घालून त्यावर गोळ्यांचे डबे, चष्मा आणि फुलदाणी मांडली होती. दोन्ही मुलांचं एकमत झालं. आता फक्त दिवस ठरवायचा.

आणि इथून आमच्या मातोश्रींनी जे काही केलं, ते बघता रंगभूमी मी गाजवायला हवी होती की तिने, असा प्रश्न पडतो.

"पुढच्या आठवड्यात बोलावू?" मी विचारलं.

"पुढच्या आठवड्यात दिव्याची अवस आहे. त्या दिवशी घरातले दिवे घासून पुसून ओवाळायचे, का काढून ठेवायचे?"

अवस गेली. मग श्रावण लागला. श्रावणात तिचे उपास, आणि उपासाच्या अंगाने तिला हातोड्याचा आवाज सहन होणार नव्हता. मग गणपती. गणपतीच्या आरासीला वीज नको? मग पितृपक्ष. "पितृपक्षात नवीन वस्तू आणत नाहीत, इतकं तरी ठाऊक आहे ना तुला?"

मी भिंतीपलीकडे गेले. म्हटलं काकूंना मध्यस्थी करायला लावू. काकूंच्या घरी बुद्धवंदना व्हायची, बुद्धपौर्णिमेला आमच्याकडे खिरीचं पातेलं यायचं, आणि पंचांग हा प्रकार त्यांच्या घरात कधी पाहिलाच जात नसे. मी सगळं सांगितलं. काकूंनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला आणि गंभीरपणे म्हणाल्या, "पितृपक्ष आहे ना पण. वहिनी म्हणतात ते बरोबर आहे. थांबू या."

तेव्हा मला कळलं की हा कट आहे.

आईसमोर जाऊन बसले. ती लसूण सोलत होती. "आई, पंचांग बाजूला ठेव. नेमकं काय अडलंय?"

"काही नाही."

"बाबांनी बसवलेला बोर्ड आहे म्हणून?"

"त्या बोर्डाला तेच सगळ्यात जास्त शिव्या द्यायचे."

"मग?"

ती लसूण सोलत राहिली. मग म्हणाली, "सकाळी मी ओरडते, त्या ओ देतात. त्या ओरडतात, मी ओ देते. मग कळतं."

"काय कळतं?"

"उठल्यात ते कळतं." तिने सालं गोळा केली. "मागच्या थंडीत वहिनींचा पाय मुरगळला होता ना?"

पाय मुरगळला होता, एवढंच मला माहीत होतं. दोघींनी मुलांना तेवढंच सांगितलं होतं. आता आईने पुढचं सांगितलं. त्या सकाळी तिने नेहमीसारखी आरोळी दिली. उत्तर नाही. परत दिली. नाही. काकूंच्या घराची किल्ली आमच्या खुंटीवर असते आणि आमची त्यांच्या. आई किल्ली घेऊन पलीकडे गेली, तर काकू न्हाणीघराच्या फरशीवर बसलेल्या. पाय असा दुमडलेला, उठता येत नाही, आणि ओरडायला छातीत दम नाही. रात्रीपासून बसल्या होत्या की पहाटेपासून, ते त्यांनी अजूनही सांगितलेलं नाही.

"आणि मला बघून काय म्हणाल्या माहितीय?" आई हसायला लागली, आणि हसता हसता डोळ्यांना मनगट लावलं, लसणाचे हात म्हणून. "म्हणाल्या, वहिनी, लावा इस्त्री, माझा गिझर बंदच आहे."

मी व्यवहारी बाई. लगेच उपाय सुचवले. रोज सकाळी एक फोन करायचा. किंवा भिंतीत घंटी बसवू. किंवा मोबाईलवर सुप्रभात पाठवायचं, सगळं जग पाठवतं.

"फोन करून काय विचारू? जिवंत आहात का?" आई म्हणाली. "रोज? त्यापेक्षा इस्त्रीचं विचारलेलं बरं. फोनला कारण लागतं, बाई. हे आपलं सहज होतं."

आईच्या ह्या बोलण्याला उत्तर दिलं ते जळक्या वासाने. नवरात्रात एका संध्याकाळी काहीही न लावता फ्यूज उडाला, आणि या वेळी नुसता 'फट्' नाही, ठिणग्या उडाल्या. चिनी मातीचा एक दात फुटून व्हरांड्यात पडला. दोघी म्हाताऱ्या फाटकाबाहेर उभ्या, एकमेकींचा हात धरून. दसऱ्याला मी सोनं वाटायला गेले तेव्हा आईने आपट्याचं पान माझ्या हातात दिलं आणि स्वतःच म्हणाली, "बोलाव त्याला."

वायरमन आला. मी आठवडाभराचं सामान घेऊन माहेरी आले. वीज कंपनीची माणसं येऊन दोन मीटर लावून गेली, आणि मग सगळी भिंत खोदली जाऊ लागली. धूळ, गिलावा, वायरमनच्या फोनवरची गाणी. दोघी व्हरांड्यात खुर्च्या टाकून बसल्या होत्या, एखाद्याच्या ऑपरेशनला बाहेर बसतात तशा. जुनी फळी खाली उतरली तेव्हा तिच्यामागे भिंतीचा मूळचा रंग निघाला, फिकट हिरवा.

"हा रंग होता होय आपला?" काकू म्हणाल्या.

"तुमच्या ह्यांनी निवडला होता," आई म्हणाली. "मला पिवळा हवा होता."

"मग तेव्हा नाही का बोलायचं?"

"तेव्हा मी नवीन होते. बोलत नव्हते."

"लय दिवस नाही टिकलं ते," काकू म्हणाल्या, आणि वायरमनसुद्धा शिडीवरून हसला.

संध्याकाळपर्यंत दोन चकचकीत पेट्या शेजारी शेजारी बसल्या. काचेसारखं दार, आत बारक्या स्विचांची ओळ, प्रत्येकाखाली चिठ्ठी. गिझर, स्वयंपाकघर, बेडरूम. वायरमनने जादूगारासारखे हात फिरवून समजावलं. "लोड जास्त झाला तर हे बटण आपोआप पडणार. वर करा, की चालू. तार नाही, टॉर्च नाही. आणि ह्यांचं ह्यांना, त्यांचं त्यांना. आता काकू, तुम्ही गिझर लावलात आणि इकडे ह्यांनी दहा इस्त्र्या लावल्या तरी काही होणार नाही!"

"दहा इस्त्र्या कशाला लावू मी?" आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंथरुणात पडून कान देऊन ऐकत होते. आई उठली. चहा झाला. कॉटवर घोंगडीची घडी पसरली गेली. इस्त्री कपाटातून निघाली. आणि मग शांतता. मी डोकावले. आई इस्त्री हातात घेऊन भिंतीकडे तोंड करून उभी होती. तोंड उघडलं, मिटलं.

"काय झालं?"

"काय व्हायचंय? लावतेय इस्त्री. मला काय आता कोणाला विचारायचंय?" तिने लावली. एक अभ्रा केला आणि बंद केली. पलीकडे बादलीचा आवाज आला, पण आरोळी आली नाही.

त्यानंतरच्या सकाळी आई व्हरांड्यात जास्वंद बघायला गेली. जास्वंदीचं झाड काकूंच्या दाराजवळ नाही, पण आई थांबली तिथेच, कारण त्यांच्या दाराच्या कडीला सकाळी दुधाची पिशवी अडकवलेली असते. पिशवी आत गेलेली होती. आईचं झाड बघून झालं, ती परत आली. ती आत वळते न वळते तोच काकू झाडू घेऊन बाहेर आल्या आणि आमच्या दारासमोर, जिथे एक पान पडलेलं नव्हतं, तिथे झाडू लागल्या. आमच्या खिडकीतून आई दिसली, तशा थांबल्या आणि आत गेल्या. मी पडद्याआडून दोन्ही अंक पाहिले. दोन अनुभवी बाया एकमेकींची हेरगिरी करत होत्या, आणि दोघींना वाटत होतं की कारण नसताना हाक मारली तर समोरची काय म्हणेल!

तेव्हा माझ्यातली उशीची खोळवाली जागी झाली.

तिसऱ्या सकाळी काकूंच्या न्हाणीघरातून पाण्याचा आवाज सुरू झाला, तशी मी मांजराच्या पावलांनी व्हरांड्यात गेले, त्यांच्या पेटीचं दार उघडलं, 'गिझर' लिहिलेलं बटण खाली पाडलं आणि आमच्या उंबऱ्यात येऊन साळसूदपणे उभी राहिले. आई लसूण सोलत होती. इस्त्री कपाटात होती.

पाण्याचा आवाज थांबला. मग भिंतीपलीकडून, जुन्या जोरात:

"वहिनीऽऽ! न सांगता इस्त्री लावलीत का?"

आईने हातातल्या लसणाकडे पाहिलं. मग कपाटाकडे. मग माझ्याकडे. माझा चेहरा ती पन्नास वर्षं वाचत आली आहे. आता ती सांगणार, अहो, इस्त्री तर कपाटात आहे, आणि संपलं सगळं.

आईने मान वर केली आणि असा काही आवाज लावला की खिडकीतली चिमणी उडाली. "लावली होऽऽ! विसरलेच मी! थांबा, काढते!" आणि माझ्याकडे बघून भुवयांनी व्हरांडा दाखवला. जा. मी पळत गेले, बटण वर केलं.

"आला का हो?" आईने विचारलं.

"आला!"

"मग करा निवांत! मी थांबते!"

आणि ती लसूण सोलत थांबली. खरोखर थांबली. पलीकडून "झाला हो, लावा!" आलं, तेव्हा हात धुऊन उठली, इस्त्री काढली आणि एक धुवट साडी इतकी मन लावून केली की मी बघत राहिले.

काकूंनी अर्थातच वायरमनला फोन केला. तो आला, पेटी तपासली, टेस्टर लावला, गॉगल कपाळावर सरकवला. "काकू, काही प्रॉब्लेम नाही. शंभर टक्के ओके."

"मग पडलं कसं बटण?"

"एकदा पडलं असेल. पण ह्यांच्या इस्त्रीने तुमचा गिझर बंद होऊच शकत नाही. वायरीच वेगळ्या!"

"तुम्ही तरुण माणसं, तुमचा भरवसा वस्तूंवर," काकू म्हणाल्या. "आम्ही आपलं सांगूनच लावत जाऊ. काय वहिनी?"

"सांगितलेलं बरं," आई म्हणाली.

वायरमनने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. त्याने चहा घेतला आणि जाताना डोकं हलवत फाटकाशी म्हणाला, "ताई, उगीच दोन मीटर घेतले तुम्ही."

मी निघाले त्या दिवशी काकूंनी मला पलीकडे बोलावून डब्यात शेंगदाण्याची चटणी दिली. भिंतीवर एसी बसला होता. रिकाम्या खोक्यावर टेबलक्लॉथ, गोळ्या आणि फुलदाणी जिथल्या तिथे. दारापर्यंत सोडायला आल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "परत कधी बटण पाडायची हुक्की आली, तर माझ्या डोक्याला साबण नसेल असं बघ. डोळ्यांची आग झाली नुसती."

मी डबा छातीशी धरून उभी.

"न्हाणीघराच्या जाळीतून व्हरांडा दिसतो, बाळा. लहानपणी पण तू अशीच चोरपावलांनी चालायचीस. आणि वहिनींना सांगू नको. त्यांना बिचाऱ्यांना खरंच वाटलं."

मी घरात येऊन बॅग उचलली. आईने दारातच माझा दंड धरला. "वहिनींना सांगू नकोस हं. त्यांना वाटलं मीच केलं."

आता मी माझ्या घरून सकाळी आईला फोन करते. परवाही केला. डॉक्टरांच्या गोळ्यांचं विचारत होते, तेवढ्यात ती म्हणाली, "एक मिनिट," आणि फोन न झाकताच ओरडली. पलीकडून आलेला आवाज मलाही स्पष्ट ऐकू आला. आई परत फोनवर आली.

"ठेव बाई आता," ती म्हणाली. "वहिनींचा गिझर चालू आहे. मला थांबायचंय."